तेल कितलं खास? बोटीतल्या रोटरी इंजिनाची उलटसुलट बाजू

तापीकाठच्या प्रकाशा गावात केदारेश्वराच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तापीला पाणी बेताचं, ऊन कलतं. ओळखीचा एक नाववाला मोबाइल घेऊन शेजारी टेकला. त्याच्या डिझेल इंजिनाचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच येतं. मोबाइलवर न्यूझीलंडमधल्या कुठल्याशा नदीचा व्हिडिओ होता. वीतभर पाण्यावरून एक चपटी बोट सुसाट चाललेली, आवाज असा की गांधीलमाशांचं पोळं उठावं. खाली दोनच शब्द: रोटरी इंजिन.

त्यानं दोन प्रश्न विचारले. पहिला, हे आहे तरी काय? दुसरा त्याच्या अहिराणीत होता: "पन भाऊ, हाई तेल कितलं खास?" म्हणजे तेल किती खातं. पहिल्याचं उत्तर मी तिथेच पायरीवर खडूनं आकृती काढून दिलं. दुसऱ्याला मात्र अख्खी संध्याकाळ लागली. तेच इथे नीट लिहितोय.

आपल्याकडे रोटरी म्हटलं की कुणाला ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर आठवतो, कुणाला क्लब. विमानांच्या पुस्तकांत तर पहिल्या महायुद्धातली वेगळीच 'रोटरी' भेटते, जिच्यात सगळे सिलिंडर पंख्याबरोबर गरागरा फिरायचे. आपला विषय तो नव्हे. आपण बोलतोय ते वँकेल इंजिनाबद्दल. फेलिक्स वँकेल या जर्मन माणसाला त्याचं पहिलं पेटंट १९२९ साली मिळालं आणि त्याचं इंजिन चाचणीच्या बाकावर पहिल्यांदा फिरलं ते १९५७ मध्ये, एनएसयू या कंपनीत. या वँकेलची नजर इतकी अधू होती की त्यानं स्वतः कधी गाडी चालवायचा परवाना काढला नाही. बोटींचा मात्र त्याला भारी नाद. तो पुढे येईलच.

मुसळ आणि जातं

तुमच्या मोटरसायकलीत, ट्रॅक्टरमध्ये, विहिरीवरच्या डिझेल इंजिनात काय चालतं? मुसळ चालतं. सिलिंडर म्हणजे उखळ, पिस्टन म्हणजे मुसळ. वर, खाली, वर, खाली. वर गेलेलं मुसळ क्षणभर थांबतं, मग खाली येतं, तिथे पुन्हा थांबतं. ही वर-खाली चाल कनेक्टिंग रॉड आणि क्रँक मिळून गोल फिरण्यात बदलतात. त्या प्रत्येक थांबण्या-उलटण्याचा हिसका इंजिनाच्या पायाला बसतो. विहिरीवरचं जुनं इंजिन नुसत्या विटांवर ठेवून चालू केलं तर ते हळूहळू सरकत विहिरीकडे निघतं, ते याच हिसक्यामुळे.

रोटरी म्हणजे जातं. त्यात मुसळ नाही, वर-खाली काही नाही. एका कवचात एक तिकोनी लोखंडी तुकडा फिरतो, त्याला रोटर म्हणतात. त्याच्या तिन्ही बाजू किंचित फुगीर असतात आणि कवच आतून थोडंसं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं, कमरेत जरा आवळलेलं. रोटर जात्यासारखा एका जागी फिरत नाही. त्याच्या मधून जाणारा दांडा मुद्दाम बाजूला काढलेला असतो, त्यामुळे रोटर स्वतःभोवती फिरता फिरता थोडा डुलतही असतो. त्याची तिन्ही टोकं मात्र कवचाला सतत घासत जातात. त्यामुळे रोटर आणि कवच यांच्यात तीन पोकळ्या बनतात. फिरताना त्या लहानमोठ्या होतात. पोकळी मोठी होते तेव्हा पेट्रोल-हवा आत ओढली जाते. ती लहान होते तेव्हा मिश्रण दाबलं जातं, ठिणगी पडते, स्फोट रोटरला पुढे ढकलतो आणि शेवटी धूर बाहेर जातो. चारही कामं तीच, जी तुमच्या मोटरसायकलीत होतात. फक्त एकाच जागी न होता फिरत्या पोकळीत एकामागोमाग एक.

एक हिशेब लक्षात ठेवा, तो पुढे लागेल. रोटर एक फेरा मारतो तोवर दांडा तीन मारतो. प्रत्येक फेऱ्यात रोटरच्या तिन्ही बाजूंवर एकेक स्फोट होतो. म्हणजे दांड्याच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एक धक्का. चार स्ट्रोकच्या पिस्टनला तोच धक्का दोन फेऱ्यांतून एकदा मिळतो. म्हणून १.३ लिटरचं दोन रोटरचं इंजिन ताकदीत त्याच्या दुप्पट मापाच्या पिस्टन इंजिनाशी झोंबू शकतं. यावरून शर्यतवाल्यांत कायम भांडणं: याला नक्की किती लिटरचं धरायचं? जपानचं वाहनकर खातं दीडपट धरतं.

माझ्या डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत याचं एक कापलेलं मॉडेल होतं. ते मी हातानं फिरवून पाहिलं तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती ही, की यात व्हॉल्व्हच नाहीत. टायमिंग चेन नाही, रॉकर नाहीत, स्प्रिंगा नाहीत. कवचात भोकं आहेत. रोटर फिरता फिरता ती उघडतो, झाकतो. बस्स. पंपसेट दुरुस्तीवर पोट असलेल्या माणसाला हे पाहून एकाच वेळी आनंद आणि काळजी वाटते.

बोटीला यातलं काय आवडावं?

बरंच काही. पहिल्यांदा वजन. बोटीत एकेक किलो मोजावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीचं वजन रस्ता पेलतो. बोटीला ते स्वतः पाणी बाजूला सारून पेलावं लागतं. वेगवान बोट पाण्यात बसून चालतच नाही. चपटी खापरी आपण नदीवर भिरकावतो आणि ती टप्पे घेत जाते, तशी पॉवरबोट एका वेगानंतर पाण्यावर चढते आणि घसरत जाते. या चढण्याला 'प्लेन होणं' म्हणतात. बोट हलकी तितकी लवकर चढणार. रोटरी तेवढ्याच ताकदीच्या पिस्टन इंजिनापेक्षा लहान आणि हलकं असतं. शिवाय बुटकं. बुटकं असल्यानं ते बोटीच्या तळाशी दडून बसतं, वरचा भार कमी होतो, वळणावर बोट कलंडण्याची भीती कमी.

दुसरी गोष्ट थरथर. रोटर कधी थांबत नाही, उलटा फिरत नाही. दांड्यावर प्रतिभार बसवले की इंजिन इतकं गुळगुळीत चालतं की पिस्टनची सवय असलेल्याला ते चालू आहे यावर विश्वास बसत नाही. फायबरच्या हलक्या बोटीत थरथर म्हणजे सैल होणारे बोल्ट, चिरा जाणारे सांधे आणि दिवसअखेर सुन्न झालेले हात.

तिसरी गोष्ट कमी लोक सांगतात, पण पाण्यातल्या माणसाला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटावी. पिस्टन इंजिनाचा रॉड तुटला किंवा व्हॉल्व्ह आत पडला की खेळ खलास, जागच्या जागी बंद. रोटरी झिजलं तर बहुतेक वेळा दमत जातं, ताकद हरवत जातं, पण फिरत राहतं. मध्य पात्रात वारा सुटलेला असताना निम्म्या ताकदीनं का होईना, काठ गाठता येणं याची किंमत काठावर बसून कळत नाही.

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातले हौशी लोक माझदा या जपानी कंपनीच्या जुन्या गाड्यांतली रोटरी इंजिनं काढून जेटबोटींत बसवतात ते याचसाठी. जेटबोटीला बाहेर पंखा नसतो. पोटात एक पंप असतो, तो खालून पाणी ओढतो आणि मागून फवारा सोडतो. त्या फवाऱ्याच्या धक्क्यावर बोट पळते. या पंपाला वेगानं फिरणारं इंजिन लागतं, आणि वेगानं फिरणं हीच तर रोटरीची आवड. जोडी जमली. जेटबोट ही मुळात न्यूझीलंडच्याच उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी तिथल्या बिल हॅमिल्टननं १९५०च्या दशकात घडवलेली चीज. व्हिडिओतली बोट त्याच जातीची होती.

पण नाव म्हणजे कायमचा कन्नड घाट

आता दुसरी बाजू. चाळीसगावहून कन्नडकडे भरलेला ट्रक घेऊन चढलाय कधी? इंजिन पूर्ण जोर लावून ओरडत असतं, ड्रायव्हरचा डोळा तापमानाच्या काट्यावर. घाट संपला, पठार लागलं, की इंजिन सुटकेचा श्वास सोडतं. गाडीच्या इंजिनाचं आयुष्य असंच असतं: थोडा चढ, बराच सपाट, मधेच उतार.

बोटीला सपाट रस्ता नाही, उतार तर नाहीच. पाणी प्रत्येक क्षणी तिला मागे ओढत असतं. काळ्या मातीच्या चिखलात रुतलेली बैलगाडी बैल थांबले की जागीच थांबते, गडगडत पुढे जात नाही, बोट जवळपास तशी. म्हणून बोटीचं इंजिन सकाळी चालू केल्यापासून संध्याकाळपर्यंत घाटच चढत असतं. त्यात पंख्याचा स्वभाव असा की त्याचे फेरे दुप्पट करायचे तर ताकद दुप्पट नाही, साधारण आठपट लागते. शेवटच्या थोड्या वेगासाठी इंजिनाला जीव काढावा लागतो.

गाडीतलं रोटरी तासन्‌तास पूर्ण भारावर चालवायला कुणी बनवलेलं नव्हतं. ते बोटीत बसवलं की पहिल्या दिवसापासून त्याच्यावर घाटाचा भार.

आणि चढ चढायला लागते ती नुसती ताकद नव्हे, तर टॉर्क, म्हणजे पिळून फिरवण्याचा जोर. माझदाच्या आरएक्स-८ या गाडीतल्या १.३ लिटर रोटरीची कमाल ताकद सुमारे २३० अश्वशक्ती, पण ती मिनिटाला ८,५०० फेऱ्यांना. टॉर्क जेमतेम २१० न्यूटन-मीटर, तोही ५,५०० फेऱ्यांवर. शेजारी स्कॉर्पिओचं २.२ लिटरचं डिझेल ठेवा. ताकद १४० अश्वशक्ती, पण टॉर्क ३२०, आणि तो १,५०० ते २,८०० फेऱ्यांतच हजर. वीस माणसं आणि चार मोटरसायकली भरलेली नाव काठावरून हलवायला यातलं कोणतं इंजिन बोलवाल?

"मग मधे गिअर टाका." टाकता येतो, टाकतातही. पाण्यातला मोठा पंखा मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांत सुखी असतो. फार वेगानं फिरवला तर त्याच्या पात्यामागे पाण्यात फुगे होतात, फुटतात, पंखा पाण्याऐवजी फेस ढकलत बसतो आणि पात्याला खड्डे पडतात. म्हणून आठ हजारांवरून हजारावर यायला दणकट गिअरबॉक्स हवा. तो बसवला की वजनाची जी बचत केली होती, ती बरीचशी त्यातच गेली.

आता तेलाचं

नाववाल्याचा प्रश्न साधा होता, पण आपल्या भाषेत तेल म्हणजे डिझेल-पेट्रोलही आणि ऑइलही. गंमत अशी, की रोटरी दोन्ही अर्थांनी खातं.

आधी पेट्रोल. गरम चहा कपात ठेवला आणि बशीत ओतला, तर लवकर निवतो कुठला? बशीतला. पसरट असल्यानं त्याची उष्णता लगेच निघून जाते. पिस्टन इंजिनात स्फोट होतो ती जागा आटोपशीर, कपासारखी. रोटरीत ती लांबट, पातळ, बशीसारखी. स्फोटाची बरीच उष्णता रोटरला ढकलण्याऐवजी कवच तापवण्यात जाते. शिवाय ती पोकळी पळत असते, ज्योत तिच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तिथलं काही मिश्रण न जळताच धुराबरोबर निघून जातं. म्हणून प्रत्येक रोटरला दोन दोन स्पार्कप्लग द्यावे लागतात. एवढं करून आरएक्स-८ लिटरला साडेसात-आठ किलोमीटर देत असे, आणि ती चार माणसांची, बेताच्या वजनाची गाडी होती. हे रस्त्यावरचं. पाण्यातल्या कायमच्या घाटात काय होईल याचा हिशेब नाववाल्यानं माझ्याआधी बोटांवर केला होता.

आता ऑइल. रोटरच्या तिन्ही टोकांना एकेक पट्टी बसवलेली असते. तिला एपेक्स सील म्हणतात, आपण टोकाची पट्टी म्हणू. हातपंपाच्या आतला चामड्याचा वायसर आठवा. तो झिजला की दांडा कितीही हलवा, पाणी वर येत नाही. ही पट्टी म्हणजे रोटरीचा वायसर. ती कवचाला घट्ट टेकली तर पोकळी बंद, नाहीतर दाब निसटला. ती मिनिटाला हजारो वेळा घासते, म्हणून तिला सतत तेलाचा थेंब लागतो. इंजिन ते स्वतःच आत सोडतं आणि जाळतं. म्हणजे ऑइल खाणं हा त्याचा बिघाड नव्हे, त्याचं जेवणच आहे.

या पट्टीनंच सुरुवातीला सगळ्यांना रडवलं. माझदाच्या पहिल्या इंजिनांत कवचाच्या आत लाटांसारखे ओरखडे उठत; जपानी अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस अभियंते या एका रोगामागे लागले. कार्बन मिसळलेल्या पट्टीनं तो आटोक्यात आला तेव्हा १९६७ साली त्यांची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी एनएसयूनंही रो ८० ही देखणी गाडी काढली. तिला पुढच्याच वर्षी युरोपात वर्षातल्या सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला, आणि मग पट्ट्या झिजून इंजिनं परत येऊ लागली. हमीत इंजिनं बदलून देता देता कंपनीचं कंबरडं मोडलं आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली.

पाणी, गाळ आणि कुकरची रिंग

रोटरीची बांधणी चार पुडांच्या डब्यासारखी असते. पुडावर पूड ठेवून वरून खालपर्यंत लांब बोल्ट आवळलेले. थंड पाणी या पुडांतून खेळतं आणि प्रत्येक सांध्यात रबरी रिंगा असतात, कुकरच्या रिंगेसारख्या. आता विचार करा: पिस्टनच्या सिलिंडरमध्ये तीच जागा आळीपाळीनं तापते आणि निवते. रोटरीत स्फोट कायम कवचाच्या एकाच बाजूला होतो आणि थंड हवा कायम दुसऱ्या बाजूनं येते. एक बाजू होरपळलेली, दुसरी गारठलेली. कवच वेडंवाकडं फुगू पाहतं. थंड ठेवणारं पाणी चोख मिळालं तर ठीक, नाहीतर एकदाच नीट तापलं की रिंगा वितळतात, पुडं वाकतात. मग वरचं झाकण काढून गॅस्केट बदलण्याचा धंदा नाही, अख्खा डबा उघडा.

आता हे चित्र आपल्या पाण्यात आणा. हतनूर धरणातल्या गाळाबद्दल भुसावळकरांना सांगायला नको. पावसाळ्यात तापी चहाच्या रंगाची होते. बोटीला थंडाव्याचं पाणी बाहेरून ओढावं लागतं आणि त्या पाण्याबरोबर गाळ, शेवाळ, जलपर्णीच्या मुळ्या, देवदर्शनाला आलेल्यांनी सोडलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. एक पिशवी तोंडाला चिकटली की संपलं. डिझेलवाला इंजिन बंद करतो, पिशवी काढतो, शिव्या देतो, पुढे जातो. रोटरीला ती पाच मिनिटं महागात पडू शकतात. आतल्या बंद वाटेत स्वच्छ पाणी फिरवून बाहेरच्या पाण्यानं फक्त तेवढंच थंड करायची सोय असते, गाडीच्या रेडिएटरसारखी, आणि रोटरी बसवायचंच असेल तर तीच करावी. पुन्हा वजन, पुन्हा खर्च. मुंबई-कोकणच्या खाऱ्या पाण्यात तर या सोयीशिवाय विचारच नको: कवच अॅल्युमिनियमचं, बाजूचे पुडे बिडाचे, आणि दोन वेगळे धातू मिठाच्या पाण्यात एकत्र ठेवले की एक दुसऱ्याला खातो.

धूर बाहेर काढायचीही पंचाईत. रोटरीचा धूर फार गरम आणि आवाज फार मोठा. बोटीत सहसा धुराच्या नळीतच पाणी सोडून तो थंड करतात. पण रोटरीला व्हॉल्व्ह नाहीत, धुराचं भोक जवळजवळ कायम कुठल्या ना कुठल्या पोकळीला उघडं. बोट अचानक थांबली, मागची लाट नळीत शिरली, तर पाणी थेट इंजिनाच्या पोटात. नळी उंच वळवून घ्यावी लागते. आणि जे ऑइल जळतं-न जळतं त्याचा काही भाग त्याच पाण्याबरोबर नदीत जातो. हतनूरचं पाणी माणसं पितात, हे विसरून चालणार नाही. जुन्या टू-स्ट्रोक मशीनचाही हाच गुन्हा आहे. पण नव्या गोष्टीनं जुना गुन्हा पुन्हा करायचा म्हणजे काय?

अजून एक खोड, छोटी पण नाववाल्याच्या जिव्हारी लागणारी. थंड रोटरी चालू करून दोनच मिनिटांत बंद केलं, तर प्लग पेट्रोलनं भिजतात आणि पुढच्या वेळी ते उठत नाही. आणि झिजलेलं रोटरी गरम असताना बंद केलं तरी पुन्हा चालू व्हायला रुसतं. नाव या पायरीवरून त्या पायरीवर सरकवायची, उतारू घ्यायचे, बंद करायची, पुन्हा चालू करायची, हाच ज्याचा दिवसभराचा धंदा, त्याला हे इंजिन लाभेल?

मग ल मां कसं जिंकलं?

हा प्रश्न हमखास येतो, आणि यायलाच हवा. १९९१ साली फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी या चार रोटरच्या गाडीनं जिंकली. सुमारे सातशे अश्वशक्तीचं इंजिन चोवीस तास रेमटवलं तरी टिकलं. मग झिजतं, तापतं, ही रड कशाला?

टिकलं हे खरंच, आणि पट्टीचा रोग बरा होऊ शकतो हे त्यानं जगाला दाखवलं. त्या इंजिनात प्रत्येक रोटरला तीन प्लग होते, टोकाच्या पट्ट्या सिरॅमिकच्या होत्या आणि हवा घेणाऱ्या नळ्यांची लांबी चालता चालता बदलत होती. पण शर्यतीचं इंजिन म्हणजे लग्नातला घोडा. सारंगखेड्याच्या बाजारात लाखोंची बोली लागणारा घोडा देखणा असतो, म्हणून त्याला कुणी कापसाच्या गाडीला जुंपत नाही. चोवीस तासांनंतर त्याच्यामागे अभियंत्यांची फौज असते. नावेच्या इंजिनाला एका हंगामात शेकडो तास चालायचं असतं, आणि त्याच्यामागे मी असतो, एक पाना-सेट आणि शहाद्याच्या दुकानात मिळतील तेवढे सुटे भाग घेऊन.

बोटवाल्यांनी करून पाहिलं नाही का?

पाहिलं तर! एनएसयूनं गाडीच्या आधीच पाण्यात हात घालून पाहिला होता. वॉटर-स्कीवर उभ्या माणसाला ओढणारं स्की-क्राफ्ट नावाचं छोटं यंत्र त्यांनी रोटरीवर काढलं. वँकेलनं स्वतः जर्मनीतल्या बोडेनसी सरोवराकाठी, लिंडाऊला, आपली संशोधनशाळा थाटली आणि 'झिश' नावाच्या वेगवान बोटींच्या नादात अनेक वर्षं घालवली.

अमेरिकेत जॉन्सन आणि एव्हिनरूड ही आउटबोर्ड मशीनं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायची इंजिनं, बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलसाठी रोटरी विकायला काढलं, आणि शर्यतीच्या बोटींसाठी चार रोटरचं आउटबोर्डही उभं केलं. ते मशीन मात्र सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती कधी गेलं नाही. तेवढ्यात १९७३चा तेलाचा भडका उडाला. पेट्रोल पिणाऱ्या इंजिनाचा वाली कोण? जनरल मोटर्सनं कोट्यवधी डॉलर ओतलेला आपला रोटरीचा बेत गुंडाळला. नाववाल्याचा प्रश्न तेव्हा सगळ्या जगानं विचारला आणि उत्तर ऐकून बहुतेक कंपन्या उठून गेल्या. हिरोशिमातली माझदा तेवढी हट्टानं बसून राहिली.

"डिझेलवर चालवलं तर?" हेही विचारून झालंय. डिझेल ठिणगीशिवाय, नुसत्या दाबानं पेटतं. त्यासाठी हवा सोळा-अठरा पट दाबावी लागते. रोटरीचा आकारच असा की दहापटीच्या आसपास ते दमतं. म्हणून पेट्रोलच. आणि बंद पोटाच्या बोटीत पेट्रोल म्हणजे जपून राहण्याची गोष्ट, कारण त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती उडून जात नाही, तळाशी साचते आणि ठिणगीची वाट पाहते. कामाच्या बोटी डिझेल का पसंत करतात त्याचं हेही एक कारण.

आपल्या पाण्यात कुठे बसेल?

खानदेशात बोट म्हणजे चैन नव्हे. अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठी मणिबेलीसारखी गावं आहेत. सरदार सरोवराच्या फुगवट्यानं तिथल्या वाटा गिळल्या, तेव्हापासून बाजार, दवाखाना, रेशन, सगळं बोटीवर. तिथे भार ओढणारं, लिटरभर तेलात जास्तीत जास्त चालणारं, कुठल्याही गावच्या मेकॅनिकला उघडता येणारं इंजिन हवं. ते डिझेल. यावर माझ्या मनात दुमत नाही.

पुरातल्या बचावाचं काम वेगळं. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. अशा रबरी बोटीला हलकं, दोन माणसांनी उचलून नेता येईल असं मशीन लागतं. हलकेपणात रोटरी इथे बसायला हवं होतं, पण तयार, भरवशाची, जागोजाग सुटे भाग मिळणारी आउटबोर्ड मशीनं बाजारात असताना पुरात प्रयोग कोण करील? आणि जेटबोट? उथळ तापीला ती शोभेल असं वाटतं खरं, पण तिचा पंप पाण्याबरोबर गाळ आणि जलपर्णीही ओढणार. न्यूझीलंडच्या नदीत गोटे आहेत, आपल्या नदीत गाळ आहे. व्हिडिओत हा फरक दिसत नाही.

मला खरी आशा दिसते ती वेगळ्याच ठिकाणी. २०२३ मध्ये माझदानं रोटरी परत आणलं ते चाकं फिरवायला नाही. एमएक्स-३० या गाडीत एकाच रोटरचं ८३० सीसीचं इंजिन फक्त जनरेटर फिरवतं. चाकं विजेच्या मोटरवर. या युक्तीनं रोटरीच्या निम्म्या खोडी मोडतात. टॉर्क मोटर देते, आणि मोटर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर लावते. इंजिनाला आपल्या आवडत्या वेगात एका सुरात फिरायचं, बस्स. लहान, हलकं, न थरथरणारं, कोपऱ्यात मावणारं. बोटीत असंच करता येईल. केरळात वैकम-तवनकडवू फेरीवर 'आदित्य' ही पंचाहत्तर माणसांची सौरबोट २०१७ पासून चालते. अशा बोटीत आभाळ भरलेल्या दिवसासाठी एक छोटा जनरेटर ठेवायचा म्हटला तर रोटरी शोभेल. पेट्रोल तिथेही जास्तच जाणार, पण रोज नाही, अडीनडीला.

हे सगळं ऐकून नाववाला थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "मंग मना पंखाच बदली दे." त्याचा पंखा खरंच वाकला होता, एका पात्याला खडकाचा टवका. दुसऱ्या दिवशी दुकानात आणला. पातं ठोकून सरळ करताना तो शेजारी उभा राहून विचारत होता, की ती विजेची मोटर किती वजनाची असते.